जिवंत हिमनदीची तेरवी

नोकरीला लागले त्याच महिन्यात मी एका हिमनदीच्या तेरवीला पोटभर जेवले, आणि कशाचं जेवले ते हात धुतल्यावर कळलं. कढी, उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी, खीर. ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरून आमच्यातले सर्वांत जुने सहकारी, काकाजी, स्वतः वाढत होते. "घ्या न बाई, अजून एक वडा घ्या. असं नाही म्हणू नये आजच्या दिवशी." मी नाशिककडची. वडे दिसले की प्रश्न न विचारता पानावर बसावं, या संस्कारात वाढलेली. मला वाटलं वाढदिवस असेल. खीर संपवून मी हसत विचारलं, "कोणाच्या नावानं म्हणायचं हे?" त्यांनी गंभीरपणे एक लांबलचक क्रमांक सांगितला. शेजारचा सहकारी माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "दीदी, ग्लेशियर था. लिस्ट से कट गया."

आमचं ऑफिस नवा रायपुरात. देशभरातली कामं वाटून यायची आणि वाटणी करणाऱ्याची विनोदबुद्धी अशी, की समुद्रकिनारा दुसऱ्या कोणाला आणि लडाखकडचा बर्फ आम्हाला. बाहेर डांबर वितळतंय, आत आम्ही उपग्रहांनी काढलेल्या फोटोंत बर्फाच्या कडा आखतोय. तिकडचे डोंगर म्हणजे थंड वाळवंट. पाऊस नसल्यातच जमा. खालच्या गावांतली शेती वरच्या बर्फातून झिरपणाऱ्या पाण्यावर चालते. त्यामुळे कुठला बर्फ किती उरला, हे दरवर्षी कोणीतरी बघत राहावं लागतं. एखादी हिमनदी आटत आटत ठरलेल्या मापापेक्षा लहान झाली की तिला यादीतून काढायचं, असा नियम. आम्ही एक बटण दाबून काढत असू. काकाजी तेरा दिवस थांबत आणि डबे घेऊन येत.

त्यांना सगळेच काकाजी म्हणत, आमचे साहेबसुद्धा. घर रायपुरातल्या जुन्या तात्यापाऱ्यात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळात कोणी पूर्वज इकडे आला, तो परतायचं विसरला, असं ते सांगत. अंगानं किरकोळ, आवाज खणखणीत, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग. ते त्यांच्या सदर बाजारातल्या सराफ मित्रानं दिलेलं. पडद्यावर हवं तेवढं मोठं करून बघता येत असताना काकाजी फोटो कागदावर छापून घेत आणि सराफ नथ पारखतो तसे एक डोळा मिटून वाचत. कोणी घाई केली तर म्हणत, "बर्फाले घाई नाही, तुले काहून आहे?" आणि ऑफिसात सगळ्यांना पाठ झालेलं त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "फोटो साक्षीदार आहे बाबू. खोटं नाही बोलत. पण विचारलं तेवढंच सांगते."

त्यांचा मॉनिटर उलटा टांगलेला असे. अक्षरशः उलटा, कंपनीचं नाव डोक्यावर पडलेलं. नवीन आलेला प्रत्येक दुरुस्तीवाला तो सरळ करून जाई आणि दुसऱ्या दिवशी बोलणी खाई. मीही आधी याला म्हातारचळ समजले होते. एकदा त्यांनी मला हाताला धरून समोर बसवलं. सरळ फोटोत एक लांब खोल दरी दिसत होती. त्यांनी तोच कागद फिरवला आणि दरीच्या जागी डोंगराची धार उभी राहिली. मी दोनदा फिरवून पाहिला. "उजेड वरून येते, असं डोळ्याले वाटते," ते म्हणाले. "घरातला दिवा वर, सूर्य वर. या फोटोत उत्तर वर असते आणि ऊन येते दक्षिणेकडून, म्हणजे खालून. मग डोळा फसते, डोंगराले दरी म्हणते. उलटा कर, बस. डोळ्याचंही समाधान आणि डोंगराचंही." त्या दिवसापासून मीही कागद फिरवून बघू लागले. मॉनिटर उलटा टांगायची हिंमत मात्र झाली नाही.

आयुष्यभर फोटोंत बर्फ पाहिलेल्या या माणसानं प्रत्यक्ष बर्फ कधी पाहिलेला नव्हता. एकदा ऑफिसनं लडाखला पाठवलं होतं. विमानातून उतरले आणि विरळ हवेनं डोकं असं धरलं, की परत निघेपर्यंत गेस्ट हाऊसच्या खाटेवर पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, वर जायचं नाही, खाली जा. "मग काय पाहिलं काकाजी?" आम्ही मुद्दाम विचारायचो. "छत पाहिलं. छताले पंखा नव्हता. रायपूरच्या माणसाले तेवढं पुरे आहे, समजते, की आपण फार दूर आलो."

तेरवीचा स्वयंपाक काकू करायच्या. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि काहीच ठाऊक नव्हतं. मी एकदा घरी गेले तेव्हा पीठ भिजवता भिजवता म्हणाल्या, "यांचे हिमालयात इतके नातेवाईक आहेत, मले लग्नात कोणी सांगितलंच नाही. माझ्या माहेरची मानसं कमी जाऊन राहिली, यांचीच जास्त." मग वड्याचा आकार हातावर थापत हळूच विचारलं, "या वेळी मोठं होतं का गं कोणी?" मी म्हटलं, नाही, लहान होती. त्यांनी चुकचुक केली आणि खिरीत वेलदोडा जरा जास्त घातला. दोघांना मूलबाळ नव्हतं. हे मी इथे उगीच सांगत नाही. माझ्या मनात ते तेव्हा आलं आणि मी ते बोलून दाखवलं नाही.

असं सगळं सुरळीत मरत चाललं होतं, म्हणजे हिमनद्या. आणि काकाजींच्या निवृत्तीचा महिना आला.

समारंभात दाखवायला त्यांच्या कामाचे फोटो लावायचं काम माझ्याकडे आलं. कल्पना साधी होती. एकेका हिमनदीचा जुना फोटो, मग नवा. त्यांचा मान म्हणून सगळे उलटे लावले. दुपारी जेवणानंतर ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. हातात मुर्रा, म्हणजे आपले मुरमुरे, आणि शेंगदाणे. मी बटण दाबून फोटो मागेपुढे करत होते. जुना, नवा. जुना, नवा. ज्या हिमनदीची शेवटची तेरवी आम्ही जेवलो होतो, तिची जोडी पडद्यावर आली आणि त्यांची मूठ तोंडापाशीच थांबली.

"मागे जा."

मी गेले.

"पुढे. पुन्हा मागे. तो दगड पाह्य."

दगडांच्या त्या विस्तीर्ण पसाऱ्यात चार-पाच घरं मावतील एवढा एक धोंडा होता, लांब सावली टाकणारा. जुन्या फोटोत तो एका जागी होता आणि नव्या फोटोत थोडा खाली.

"गडगडला असेल," मी म्हटलं.

"एक दगड गडगडते. सगळं अंगण थोडी चालत जाते? आजूबाजूचे पाह्य."

मी बटण दाबत राहिले. आता ते दिसायला लागल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. दोन्ही बाजूंचे कडे जागच्या जागी होते आणि मधला दगडांचा सगळा पट्टा, सुरकुत्यांसकट, एकसारखा खाली सरकला होता. कडेला हळू, मध्ये जरा जास्त. मेलेल्या दगडांच्या उतारावर असं होत नाही. खाली बर्फ असेल तरच होतं.

काकाजींनी मुरमुरे परत पुडीत ठेवले. "मेलेला माणूस कूस बदलते का, बाई?" ते म्हणाले. "मी जितीची तेरवी घातली."

चूक कशी झाली ते सांगायला सोपं आहे. आमचं सॉफ्टवेअर बर्फ ओळखतं ते त्याच्या चकाकीवरून. वरून दरडी कोसळून बर्फ दगडमातीखाली गाडला गेला, की ते त्याला डोंगर समजतं. कोरड्या मुलखात असा झाकलेला बर्फ पुष्कळ असतो, आणि दगडांचं पांघरूण जाड असेल तर तो उघड्या बर्फापेक्षा जास्त टिकतो. हे आम्हाला शिकवलं कोणी, तर काकाजींनीच. "पांढरं तेवढंच बर्फ असं समजणाऱ्या माणसानं दुधाच्या दुकानात बसावं," असं ते आम्हाला बजावत. मग त्यांच्याच हातून हे कसं झालं? त्या दिवशी मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

"मी पाहाले बसलोच नाही. इतक्या वर्षांत इतक्या गेल्या, की ही पण जाईन हे मी धरूनच चाललो होतो. पांढरं संपलं दिसलं आणि मी काकूले वड्याची डाळ भिजवाले सांगितलं. मले मरण पाहाची सवय लागली, बाई. साक्षीदाराले विचारलंच नाही मी."

एरवी ही गोष्ट यादीत एक ओळ वाढवून मिटली असती. पण त्या हिमनदीखाली एक गाव होतं. काकाजींच्या सहीच्या अहवालात "पाण्याचा स्रोत संपला" असं लिहिलेलं होतं, आणि त्या आधारावर गावाच्या कालव्याची दुरुस्ती थांबली होती. पाणी नाही तर गाव कशाला, म्हणून सगळं गाव खाली मोठ्या नदीकाठच्या रेताड माळावर हलवायचं ठरत आलं होतं. गावकऱ्यांना जायचं नव्हतं. शेवटची बैठक याच महिन्यात होती, व्हिडिओवर, आणि आमच्या ऑफिसनं तिथे नुसतं "हो, स्रोत संपला" एवढं म्हणायचं होतं.

काकाजी साहेबांकडे गेले तेव्हा मी कागद धरायला सोबत होते. साहेब माणूस वाईट नव्हे. त्यांनी फोटो नीट पाहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "काकाजी, गिनती के दिन बचे हैं आपके. माला पहनिए, घर जाइए. बाद में हम सुधार भेज देंगे."

"बाद में गाव उठ गया रहेगा, साहब."

"और आज बोलेंगे तो सब पूछेंगे, एक गलत तो बाकी कितने गलत? पूरी जिंदगी का काम है आपका."

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच काकाजींना सर्वांत लागलं. त्यांनी भिंग शर्टात टाकलं, "हव", म्हणजे हो, म्हणाले आणि बाहेर आले. त्यानंतरचे दिवस साहेबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला ते आणि मी जुन्या नोंदी काढून बसलो. ज्यांच्या ज्यांच्या नावानं वडे तळले गेले होते, त्या सगळ्यांचे फोटो पुन्हा काढायचे, उलटे करायचे, मागेपुढे करायचे. कुठे दगड हलतो का बघायचं. मला त्यांचा राग येत होता, की या वयात स्वतःला इतकं सोलून काढायची काय गरज. आणि त्याच वेळी त्यांच्याविषयी फार माया वाटत होती. प्रत्येक फोटोपाशी ते खुर्चीत पुढे सरकायचे आणि मग मागे टेकायचे. त्यांना यांतली कुठली गोष्ट हवी होती, त्यांची पूर्वीची कामं बरोबर निघावीत ही, की आणखी एखादी जिवंत निघावी ही, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाकी कोणीही उठून बसलं नाही. त्या खरोखरच गेल्या होत्या.

बैठकीला पडद्यावर चौकटी चौकटीत अधिकारी होते, आणि एका चौकटीत गावचा मुखिया. जाड लोकरी अंगरखा घातलेला, कॅमेऱ्याच्या फार जवळ बसल्यामुळे कपाळच जास्त दिसणारा. त्याच्या मागे बरीच माणसं उभी होती. आमची पाळी आली तेव्हा काकाजींनी घसा साफ केला. हिंदी ते रायपुरी बोलत, पण त्या दिवशी शब्द शोधून शोधून बोलले.

"मेरी रिपोर्ट गलत है. मैंने लिखा था, आपका बरफ खत्म हो गया. बरफ है. पत्थर के नीचे है. मैंने देखा नहीं, ये मेरी गलती है."

एका अधिकाऱ्यानं विचारलं, हे किती वर्षं पुरेल? काकाजी म्हणाले, ते सांगता येणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुसऱ्यानं जरा चढ्या आवाजात विचारलं की मग बाकीच्या अहवालांचं काय. त्यांनी शांतपणे सांगितलं, बाकीचे पुन्हा तपासले, बरोबर आहेत, पण तुम्हीही दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. माझ्या शेजारी साहेब टेबलाखाली बोटं मोडत होते.

मग मुखिया बोलला. "सर, तो आप बताइए. हम जाएँ, कि रहें?"

काकाजी खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, आता हा माणूस दयेपोटी "रहो" म्हणणार.

"ये मैं नहीं बोल सकता, भैया," ते म्हणाले. "बरफ बूढ़ा है. पानी आज है, आगे कम होते जाएगा. जाना हो तो अपने हिसाब से जाइए. मेरी गलती से मत जाइए."

मुखियानं मान वळवून मागच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. मागे एकदम गलका झाला. कोणी हसलं, एक बाई मोठ्यानं काहीतरी म्हणाली, आणि तेवढ्यात त्यांची चौकट गोठली. बैठकीत ठरलं ते एवढंच, की निर्णय पुढे ढकलायचा आणि सुधारलेला अहवाल मागवायचा. साहेबांनी त्याच संध्याकाळी त्यावर सही केली, तोंड वाकडं करून, पण केली.

समारंभाच्या दिवशी काकाजी डबे घेऊन आले. आम्ही एकमेकांकडे बघितलं. झाकण उघडलं तर घुगऱ्या. शिजवलेले हरभरे, खोबरं घातलेले, बारशाला वाटतात तशा.

"ज्याची तेरवी चुकून घातली तो परत आला, तर त्याचं बारसं करावं लागते," त्यांनी जाहीर केलं. "तो नव्यानं जन्मते. आमच्या घरी बुजुर्ग सांगत. मी मनानं नाही करून राहिलो." आणि माझ्याकडे वळले. "नाव आत्या ठेवते. चाल बाई, तू आत्या."

हार बाजूला राहिला. टेबलालाच पाळणा समजून हिमनदीचा छापील फोटो आम्ही रीतीप्रमाणे वरून दिला, खालून घेतला. साहेब खाली वाकताना अडकले आणि त्यांना दोघांनी धरून काढलं. मला त्या कागदाच्या कानात नाव सांगायचं होतं. कागदाचा कान कुठला, यावर थोडा वाद झाला, मग वरचा डावा कोपरा ठरला. नाव मी रात्रभर शोधलेलं नव्हतं, तिथेच सुचलं. आपल्याकडे पोरं जगत नसली की पुढच्याला धोंडू, दगडू अशी नावं ठेवतात, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावरून घसरते. मी कोपऱ्यात "कुर्रर्र" केलं आणि "धोंडाबाई" म्हणाले.

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकाजी हसले नाहीत. "जग माय," एवढं म्हणाले, आणि घुगऱ्या वाटायला लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. गावाचं काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी का? त्या सकाळी नवे फोटो आले होते आणि मला ते एकटीनं बघवेनात. ते खुर्चीत बसले, मांडीवर लॅपटॉप घेतला. धोंडाबाई होती. पट्टा आणखी थोडा सरकलेला होता. त्यांनी मान हलवली आणि परत द्यायला लागले.

"खाली बघा ना काकाजी. मी खालचा भाग कापलेला नाही."

त्यांनी बोटानं फोटो वर सरकवला. राखाडी, राखाडी, तपकिरी. आणि मग एकदम हिरवं. ओंजळीएवढं. नीट पाहिलं तर त्यात शेतांचे टप्पे दिसत होते, एकाखाली एक उतरत गेलेले.

त्यांनी गळ्यातलं भिंग पडद्याला लावलं. मग म्हणाले, "मी कधी इतक्या खाली आलोच नाही गं. बर्फाच्या रेघेवर फोटो कापाचो. खालचं कामाचं नाही, म्हणून फेकून देत होतो. सगळी नोकरी." डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही, लपवलंही नाही.

"जव असेल," मी म्हटलं. "तिकडे जवच पेरतात."

"घरं किती असतीन?"

"घरं यात दिसत नाहीत, काकाजी. फार लहान असतात."

"शेत दिसते न," ते म्हणाले. "पेरलं त्यायनं."